लाकडाला पडायला जागा दे

अगं, लाकूड कापायचं मशीन घ्यायचं ठरवलंस हे उत्तम केलंस. दोन फळ्या आणि चपलांचा एक कप्पा, एवढ्यासाठी सुतार येत नाही. आला तर पूर्ण दिवसाची मजुरी मागतो. त्याचंही खोटं नाही, त्याचा दिवस मोडतो. तेव्हा छोटी, वायरवाली सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची विजेची करवत, घे. बॅटरीवाल्या मशीनच्या मोहात पडू नकोस. आपण वर्षातून चार-सहा वेळा काम करणार, मधल्या काळात मशीन माळ्यावर पडून राहणार. अशा वापरात बॅटरी दगा देऊ शकते. वायरवालं मशीन मात्र दिवाळीत ठेवलं आणि उन्हाळ्यात काढलं तरी प्लग लावला की चालू.

पण दुकानात गेलीस की पहिल्यांदा तुझ्यापुढे मार्बल कटर ठेवतील. "मॅडम, सगळे सुतार हेच वापरतात, फक्त लाकडाचं पातं बसवायचं." वापरतात हे खरं आहे, आणि त्यापायी बोटं गेलेले सुतारही आहेत. तू ते घेऊ नकोस, आणि का ते नीट समजून घे. मार्बल कटर बनलाय फरशी कापायला. त्याच्या हिऱ्याच्या चकतीला दातेच नसतात, ती घासत जाते. त्याच मशीनला दातेरी पातं लावलं की ते लाकडात रुतायला बघतं. शिवाय त्याचा वेग मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. म्हणजे चार इंची पात्याची कड ताशी सुमारे 230 किलोमीटर वेगाने धावते. आणि पात्याचा खालचा भाग उघडाच. छोट्या सर्क्युलर सॉमध्ये 115 मिलिमीटरचं पातं आणि साडेतीन हजार फेऱ्या असं गणित असेल, तर कडेचा वेग ताशी पाऊणशे किलोमीटरच्या घरात येतो. खालचं गार्डही स्प्रिंगवर असतं: लाकडात शिरताना मागे सरकतं, बाहेर येताच पातं झाकतं. ते गार्ड सुतळीने बांधून किंवा पाचर मारून उघडं ठेवलेलं तू कुठे ना कुठे पाहशीलच. तू तसं कधीही करायचं नाहीस. माझी शपथ आहे.

आणि अमेरिकेतला दादा तिकडून मशीन आणतो म्हणाला, तर त्याला नको म्हण. तिथलं 120 व्होल्टचं मशीन आपल्या 230 व्होल्टवर लावलं की जळतं.

आता खरं सांगायचं ते सांगते. या मशीनच्या आवाजाला सगळे घाबरतात, पण अपघात घडवतं ते लाकूड. पात्याचे पुढचे दाते खालून वर येत कापत जातात आणि मागचा भाग नुसता कापलेल्या फटीतून फिरत असतो. आता समज, फळी दोन स्टुलांवर ठेवलीस आणि मधोमध कापायला घेतलीस. काप जसजसा पुढे जातो तसतशी फळी मध्ये झुकते आणि फट वरून मिटू लागते. मिटणारी फट पात्याला चिमटते, दाते दोन्ही बाजूंना रुततात आणि अख्खं मशीन उसळून तुझ्याच दिशेने मागे येतं. हे क्षणार्धात होतं. हात काढायला वेळच मिळत नाही.

म्हणून प्लग लावण्याआधी स्वतःला एकच विचार: कापून झाल्यावर दोन तुकडे कुठे जाणार? छोटा तुकडा कापायचा असेल तर मोठा भाग टेबलावर क्लॅम्पने घट्ट बांध आणि छोटा भाग कडेबाहेर मोकळा ठेव. म्हणजे तो खाली झुकेल आणि फट उघडी राहील. पडेल तर पडू दे, तो पकडायला दुसरा हात पुढे करू नकोस. मोठी शीट मधून कापायची असेल तर ती सरळ जमिनीवर घे. खाली सारख्या जाडीच्या चार पट्ट्या टाक, रेघेच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन. मग काप पूर्ण झाला तरी दोन्ही भाग आपापल्या जागी पडून राहतात, काही झुकत नाही, काही मिटत नाही. एवढं जमलं की निम्म्याहून अधिक भीती जाते. तरीही पात्याच्या थेट मागच्या रेषेत उभी राहू नकोस, अंग जरा बाजूला ठेव.

पात्याची खोलीही याच कारणासाठी महत्त्वाची. 19 मिमीचा प्लाय असेल तर पातं खाली पाच-सहा मिलिमीटरच बाहेर दिसलं पाहिजे. जास्त खोल ठेवलं की जास्त दाते फटीत अडकतात, आणि खाली फरशीलाही लागतात. खोली बदलताना, पातं बदलताना, अगदी पात्यात अडकलेली ढलपी काढतानासुद्धा आधी प्लग काढ. बटण बंद आहे यावर विसंबू नकोस.

दाते वर येताना कापतात, म्हणून टवके वरच्या बाजूला उडतात. सनमायकाची किंवा चांगली बाजू त्यामुळे नेहमी खाली ठेवायची, आणि रेघ मागच्या बाजूला मारायची. दोन्ही बाजू दिसणार असतील तर रेघेवर मास्किंग टेप चिकटवून त्यावरून काप. सोबत मिळणारं पातं बहुधा कमी दात्यांचं असतं, ते भराभर कापतं पण कड ओबडधोबड सोडतं. प्लायसाठी जास्त दात्यांचं पातं वेगळं घे, तिथे पैसे वाचवू नकोस.

नुसत्या हाताने सरळ रेषेत कापायचा हट्ट धरू नकोस, सुतारसुद्धा पट्टी लावतात. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे उरलेला अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा तुकडा माग. तो प्लायवर क्लॅम्प कर आणि मशीनचा तळ त्याला टेकवून पुढे ने. तळाच्या कडेपासून पात्यापर्यंतचं अंतर एकदाच मोजून मशीनवर लिहून ठेव. पातं स्वतः दीडएक मिलिमीटर लाकूड खातं, हे माप घेताना विसरू नकोस. मशीन लाकडाला टेकवण्याआधी सुरू कर, पूर्ण वेग घेऊ दे, मग पुढे सरकव, आणि पातं थांबेपर्यंत उचलू नकोस. आवाज जड झाला, जळका वास आला, तर तू ढकलते आहेस असं समज.

वायर खांद्यावरून मागे टाक, म्हणजे ती कापाच्या वाटेत येणार नाही. एक्स्टेन्शन बोर्डची गुंडाळी पूर्ण सोडून ठेव, गुंडाळलेली वायर तापते. ओढणी नको, बांगड्या नकोत, लांब मंगळसूत्र नको. केस घट्ट बांध. सैल सुती हातमोजेही नकोत, पातं त्यांना आत ओढतं. गॉगल मात्र पाहिजेच, आणि एन-95 मास्कही. लाकडाच्या भुश्शाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्ककारक ठरवलंय, आणि एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडवाला डिंकही असतो. तेव्हा गॅलरीत काप, घराचं दार लावून घे, बाळाला तिकडे फिरकू देऊ नकोस.

"हे काय बायकांचं काम आहे?" असं सासरी कोणी म्हणेल. मनाला लावून घेऊ नकोस. एडमंड मिशेल नावाच्या न्यू ऑर्लिन्सच्या माणसाने 1920 च्या दशकात ऊस तोडायच्या कोयत्याला मोटर जोडून पाहिली, आणि त्याच खटपटीतून हातात धरायची विजेची करवत पुढे आली. आपल्याकडे बीडहून साखर कारखान्यांवर जाणाऱ्या टोळ्यांमध्ये बायका नवऱ्याच्या जोडीने तोच कोयता चालवतात, तोही पहाटेच्या थंडीत. त्यांच्या मनगटांना जे पेलतं ते तुला का पेलू नये?

आठ बाय चारची अख्खी शीट घरी आणू नकोस. 19 मिमीची शीट पस्तीस-चाळीस किलो भरते आणि लिफ्टमध्येही मावत नाही. दुकानातच तिचे दोन-तीन मोठे तुकडे करून घे, बारीक मापं घरी काप. बाथरूमजवळच्या कामाला बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय घे, बाकी कप्प्यांना एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा, चालतो. पॅकिंगच्या पेटीचं जुनं लाकूड वापरणार असशील तर त्यावरून आधी लोहचुंबक फिरव, आत खिळे राहिलेले असतात. पावसाळ्यात वाकलेली फळी तर कापूच नकोस, ती काप घेताघेताच पात्यावर आवळते.

येताना दुकानदाराकडून प्लायचे उरलेले तुकडे मागून आण, तो नाही म्हणणार नाही. पहिल्या रविवारी तेच काप. कप्प्याची मापं पुढच्या रविवारी.