ग्लासिंगचा रास्त दर : शिष्यास पत्र



कारागिराने स्वतःच्या कामाचा दर ठरवणे ही जितकी व्यवहाराची तितकीच सचोटीची गोष्ट आहे, कारण दरात राहिलेली तूट कोणाला ना कोणाला भरून द्यावीच लागते : कधी ती कारागिराच्या झोपेतून भरली जाते, कधी मदतनिसाच्या मजुरीतून, तर कधी गिऱ्हाइकाच्या नकळत सर्फबोर्डावरच्या कापडातून. कॅलिफोर्नियातील ओशनसाइड येथे चिरंजीव सर्फबोर्ड-ग्लासिंगची स्वतःची शेड सुरू करीत आहे, आणि शेजारच्या शेडचा दर विचारून त्याहून दहा डॉलर कमी लावण्याचा मानस त्याने कळवला आहे. शेजाऱ्याचे भाडे, त्याची माणसे, त्याची सफाई आणि त्याचे कर्ज यांपैकी काहीच ठाऊक नसताना केवळ त्याचा दर उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा शिवून घेणे होय. त्या विचारापासून चिरंजीवास परावृत्त करावे आणि दर आपल्याच वहीतून कसा काढावा हे सांगावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

दराचा विचार कामाच्या स्वरूपापासून सुरू व्हावा. शेपर, म्हणजे फोमच्या ओबडधोबड ठोकळ्याला (ज्याला ब्लँक म्हणतात) बोर्डाचा आकार देणारा कारागीर, आपले काम संपवतो तेथे ग्लासिंग सुरू होते. त्या नाजूक फोमवर काचतंतूंचे कापड पसरून ते रेझिनने भिजवणे आणि त्याचे टणक, जलाभेद्य कवच बनवणे म्हणजे ग्लासिंग. कोकणात फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांना हे द्रव्य आणि त्याचा उग्र वास परिचितच आहे. कापडाचे माप वजनावरून सांगतात. चार औंसी कापड म्हणजे ज्याच्या एक चौरस यार्डाचे वजन चार औंस भरते ते, आणि सहा औंसी कापड अधिक जाड असल्याने रेझिनही अधिक पिते. पहिल्या थराला लॅमिनेशन म्हणतात. त्यासाठीच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये मेण नसल्याने त्याचा पृष्ठभाग किंचित चिकट राहतो आणि पुढचा थर त्यावर घट्ट बसतो. त्यानंतरच्या हॉट कोटात मात्र मेण मिसळलेले असते. ते वर येऊन हवेचा संपर्क तोडते, त्यामुळे रेझिन कोरडे कडक होते आणि घासण्याजोगे बनते. मग फिनचे (बोर्डाच्या तळाच्या पात्यांचे) खाचे व पायाला बांधायच्या दोरीचा प्लग बसवणे, घासणे, आणि मागणी असल्यास ग्लॉस कोट देऊन पॉलिश करणे असे टप्पे येतात. एवढे टप्पे एका आकड्यात दडवले की कोणत्या टप्प्यावर पैसे बुडतात हे कधीच कळत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याची वेळ किमान वीस बोर्डांपर्यंत वहीत नोंदवावी आणि तिची सरासरी काढावी. कापड कापणे, भांडी साफ करणे, शेपरशी बोलणे आणि बोर्ड पोचवणे ही वेळही त्यात धरावी, कारण हात रेझिनमध्ये असतानाच काम चालू असते हा समज फार महागात पडतो.

हिशोबाची रीत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. त्यातील आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी कल्पिलेले असून चिरंजीवाने त्या जागी आपल्या वहीतील आकडे घालावेत. साध्या, रंग नसलेल्या, घासून सोडलेल्या एका बोर्डाला कापड, रेझिन, हार्डनर, सँडपेपर, टेप व हातमोजे मिळून ६० डॉलरचा माल लागतो असे समजावे. साडेतीन तासांचे काम, ताशी २८ डॉलर दराने, ९८ डॉलरचे होते, आणि त्यावरील कर व विमा धरून ते ११८ डॉलरवर जाते. भाडे, वीज, हत्यारांचा घसारा, कचऱ्याची विल्हेवाट असा महिन्याचा वरखर्च ४,००० डॉलर असून महिन्याला ८० बोर्ड निघत असतील, तर प्रत्येक बोर्डाच्या वाट्याला ५० डॉलर येतात. ही बेरीज २२८ डॉलर होते. बिघडलेले काम पुन्हा करण्यासाठी तीत सुमारे पाच टक्के राखीव धरले म्हणजे खर्च २४० डॉलरवर येतो. ऐंशीऐवजी पन्नासच बोर्ड निघाले तर वरखर्चाचा वाटा ५० वरून ८० डॉलरवर जातो आणि तोच खर्च २७१ डॉलर होतो, म्हणून दर भरगच्च उन्हाळ्यावर बेतू नये, वर्षभराच्या सरासरीवर बेतावा. नफ्याच्या बाबतीतही एक घोटाळा नेहमी होतो : २४० डॉलरवर वीस टक्के चढवले की २८८ येतात, पण विक्रीच्या रकमेतील वीस टक्के हाती उरावेत अशी इच्छा असेल तर २४० ला ०.८ ने भागावे लागते आणि दर ३०० डॉलर येतो. स्वतःची मजुरी आणि धंद्याचा नफा या दोन वेगळ्या रकमा आहेत; मजुरी हाताच्या कष्टाची असते, नफा जोखमीचा आणि उद्याच्या यंत्राचा असतो.

जादा कामाची किंमत ही मेहेरबानीची बाब मानू नये. रेझिनमध्ये रंग मिसळून केलेल्या टिंटला संपूर्ण बाजूसाठी एकाच वेळी पुरेसे रेझिन कालवावे लागते, कारण दुसऱ्यांदा तीच छटा साधणे कठीण असते, आणि उरलेले रेझिन वाया जाते. कट लॅपमध्ये, म्हणजे कापडाची दुमड टेपच्या रेषेवर पात्याने सरळ कापण्याच्या पद्धतीत, हात घसरला तर दोष कायमचा दिसत राहतो. म्हणजे तेथे वेळेबरोबर जोखमीचीही किंमत असते. ईपीएस हा थर्माकोलच्या जातीचा फोम पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनमुळे विरघळतो, म्हणून त्यावर एपॉक्सी वापरणे भाग असते; एपॉक्सी महाग असते, सावकाश घट्ट होते, आणि तोवर बोर्ड घोडीवर जागा अडवून बसतो. अडलेल्या जागेलाही भाडे असते, हे दरपत्रकात दिसले पाहिजे.

ज्या खर्चाची पावती मिळत नाही, त्याची आठवण अधिक आग्रहाने करून द्यावीशी वाटते. स्टायरीनची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये 'मानवात बहुधा कर्करोगकारक' या गटात केली आहे, आणि घासताना उडणारी काचतंतूंची धूळ त्वचेला व श्वासमार्गाला त्रास देते. योग्य मास्क, त्याची वेळच्या वेळी बदललेली काडतुसे, धूळ व वाफ ओढून घेणारे पंखे हा चैनीचा खर्च नाही. जो दर हा खर्च पेलत नाही तो दर फुप्फुसांतून वसूल होतो, आणि त्या वसुलीला परतफेड नसते. मदतनीस ठेवला आणि त्याला नगावर मजुरी दिली, तरी कॅलिफोर्नियाच्या श्रमसंहितेतील २०१६ पासून लागू झालेल्या कलम २२६.२ नुसार विश्रांतीच्या वेळेचे आणि मालकाच्या ताब्यात रिकाम्या गेलेल्या वेळेचे पैसे त्याला स्वतंत्रपणे द्यावे लागतात. कायदा नसता तरी ते देणे न्यायाचेच ठरले असते.

रास्त दर दोन्ही बाजूंनी रास्त असावा लागतो. ज्या शेपरकडून महिन्याला दहा बोर्ड नेमाने येतात त्याला सवलत द्यावी, परंतु ती एकत्र काम केल्याने जेवढी बचत होते तेवढीच असावी. आणि स्वतःच्या चुकीने झालेला बुडबुडा किंवा कोरडी राहिलेली जागा एक पैसाही न मागता दुरुस्त करावी, कारण त्या दुरुस्तीचे पैसे राखीव टक्क्यांतून आधीच घेतलेले असतात. चार औंसी कापडाचे दोन थर ठरले असताना एकच लावून दर टिकवणे ही चोरी आहे, मग ती रेझिनखाली कितीही झाकली जावो. कापड, फिनचे खाचे, फिनिश आणि मुदत हे सारे कामापूर्वी लेखी द्यावे, रंगकामासाठी विसार घ्यावा, आणि दर किती दिवस कायम राहील हेही लिहावे. ५ डिसेंबर २००५ रोजी लगुना निगेल येथील क्लार्क फोम हा कारखाना अचानक बंद पडला, आणि अमेरिकेतील बहुतेक ब्लँक तेथूनच येत असल्याने साऱ्या धंद्याची एका दिवसात तारांबळ उडाली. मालाचा भाव आपल्या हाती नसतो, हे त्या दिवसाने सर्वांना शिकवले आहे. दर फारच पडले म्हणून शेजारच्या शेडवाल्यांनी एकत्र बसून एकच दर बांधण्याचा मोहही टाळावा, कारण स्पर्धकांनी संगनमताने दर ठरवणे हे अमेरिकेत १८९० च्या शर्मन कायद्याखाली गुन्हा ठरते. हिशोब कसा मांडावा हे एकमेकांना खुशाल शिकवावे; आकडा मात्र प्रत्येकाने आपल्या वहीतून काढावा.

दर ऐकून काही गिऱ्हाइके परत जातील, आणि त्यांना जाऊ द्यावे. मागणाऱ्याला दराचा प्रत्येक भाग वही उघडून समजावून सांगता येत असेल, तर त्या दराची लाज बाळगण्याचे कारण नाही. आणि तसा तो समजावता येत नसेल, तर तो कमी असो वा जास्त, रास्त नाही. चिरंजीवाने पहिल्या बोर्डाला हात लावण्यापूर्वी ती वही सुरू करावी, आणि वर्षातून दोनदा तिच्यावरून दर तपासावा.