तारेला हात लावल्यावर

चि. मृण्मयी हिस,


रेकॉर्डिंग ऐकलं. जुन्या पलंगाच्या सागवानी फळीची गिटार केलीस, याचं आजीला जितकं वाईट वाटलं तितकंच मला बरं वाटलं. घरघर मात्र आहे. ‘तारांना हात लावला की कमी होते, सोडला की पुन्हा सुरू, म्हणजे तारांचं अर्थिंग चुकलं ना?’ असं विचारतेस. नाही गं. ते चुकलं असतं तर हात लावून घरघर कमी झालीच नसती.

दोषी तू आहेस! भिंतींतून 230 व्होल्टच्या वायरी गेल्यात, डोक्यावर ट्यूब आहे. त्यांचा गोंगाट तुझं अंग झेलतं, आणि तू पिकअपपासून वीतभर अंतरावर उभी. बोट तारेला लागलं की अंगावरचा गोंगाट ब्रिजमार्गे अर्थला निघून जातो. तेव्हा ब्रिजची वायर ठीक आहे, उघडी आहे ती आतली पोकळी. तिला तांब्याची चिकटपट्टी लाव. जिचा गोंदही वीज वाहून नेतो तीच घे, नाहीतर प्रत्येक सांध्यावर डाख द्यावा लागेल. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या नादी लागू नकोस, त्यावर साधा डाख बसत नाही. पट्टीपासून एक वायर व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर ने. अर्थला न जोडलेलं तांबं म्हणजे नुसता दागिना. आणि प्लग आत गेला की जॅकची पत्ती बाहेर ढकलली जाते. ती पट्टीला टेकली तर गिटार मुकी होईल.

पॉटची पाठ हट्टी असते. पॉलिश पेपरने चकचकीत घास, फ्लक्स लाव, 60 वॅटचं आयर्न चार-पाच सेकंद धर. डाख पाण्यासारखा पसरला पाहिजे. मण्यासारखा गोल बसला, तर नखानेसुद्धा निघेल.

माझ्या पहिल्या गिटारीत मी ब्रिजखाली ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगची तार दाबली होती. तिच्यावरचं इनॅमल खरवडायचं विसरलो आणि दोन महिने पिकअपला शिव्या घातल्या. मीटर तेव्हाही टेबलावरच होता! एक टोक ब्रिजला, एक जॅकच्या अर्थला. ओहमभराच्या आत आकडा यायला हवा.

एवढं करून थोडी घूंऽऽ उरेलच. ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची. तिला तांब्याची पट्टी अडवत नाही. खुर्चीत बसून सावकाश फीर, एका कोनात ती जवळजवळ नाहीशी होईल. तुझा पिकअप एका कॉइलचा आहे, त्याचा हा स्वभावच. याच दुखण्यावर गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन उलट्या कॉइल जोडून हंबकर केला आणि 1955मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तू एवढ्यात बदलू नकोस. त्या एका कॉइलचा टणत्कार मला आवडला.

आता ज्यासाठी फोन न करता पत्र लिहायला बसलो ते. बँडमधला कुणी सांगतो की ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन काढली की घरघर जाते. जातही असेल. पण तारा ब्रिजला, ब्रिज केबलमधून ॲम्पच्या पत्र्याला, आणि तुझी बोटं तारांवर. अर्थ तोडलास आणि आत फेज पत्र्याला टेकला, तर तो तुझ्यातून वाट काढेल. 1972च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सीला, स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भर कार्यक्रमात, बिनअर्थच्या माइकला हात लागून गेला. आपल्या मांडवांतल्या बोर्डांची अवस्था तू पाहतेसच. लॅपटॉप जोडल्यावरच घरघर वाढत असेल तर तो आणि ॲम्प एकाच बोर्डावर लाव. पिनला हात लावायचा नाही. घरातल्या सॉकेटला अर्थ खरोखर येतो का, हे वायरमन बोलावून बघून घे, आणि 30 मिलीअँपचा आरसीसीबी नसेल तर त्याच फेरीत बसवून घे. पैसे मी देतो.

पोकळीच्या झाकणालाही आतून तांबं लागेल. झाकण अजून केलेलं दिसत नाही. पलंगाची उरलेली फळी आहे ना? आजी दुपारी झोपली की काप.

तुझा,
मामा