औषधाची रिअ‍ॅक्शन टाळायला खर्च किती?

पातूर, बार्शीटाकळीहून अकोल्याच्या जठारपेठेतल्या दवाखान्यात येणाऱ्या माणसाच्या हातात गोळ्यांची कॅरीबॅग असते. तिच्यातून कापलेली पट्टी निघते. औषधाचं नाव दुसऱ्या तुकड्यावर राहून गेलेलं. ‘रक्त पातय व्हायची गोयी हाय जी,’ एवढंच त्याला सांगता येतं. ती गोळी वॉरफेरिन असेल आणि जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल सुरू झालं, तर रक्तस्राव होऊ शकतो. रुग्णालयातला संगणक अशा जोडीवर इशारा देऊ शकतो, पण दोन्ही नावं त्यात भरलेली असतील तरच.

संगणकाच्या या तपासणीचे पैसे वेगळे द्यायचे नसतात. ती रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्येच असते किंवा नसते. म्हणून भरती होतानाच विचारा: ‘माझी अ‍ॅलर्जी, किडनीचा रिपोर्ट आणि चालू गोळ्या संगणकात चढवल्या का?’ विचारायला संकोच करू नका. खर्चाचंही तसंच: खाजगी रुग्णालयांना दरपत्रक दर्शनी जागी लावणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. बिलात न समजणारा आकडा दिसला तर ते पाहून खुलासा मागा.

आरोग्याच्या नोंदी डिजिटल जोडणारा १४ अंकी आभा क्रमांक मोफत निघतो. तरीही मी गोळ्यांची यादी कागदावर लिहून खिशात ठेवा असंच सांगेन. वीज नसली तरी कागद वाचता येतो.

संगणक पाहतो तरी काय? अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयाचा अभ्यास १९९१मध्ये प्रसिद्ध झाला. तिथला संगणक बिघडलेले रिपोर्ट आणि अचानक मागवलेली उताऱ्याची औषधं हेरायचा. ३६,६५३ रुग्णांत ७३१ दुष्परिणाम सापडले. डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्सनी आपणहून कळवलेले त्यातले फक्त ९२. बाकीचे कुणी कळवलेच नव्हते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

आपल्याकडे रुग्णाला स्वतः कळवता येतं. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे. कामाच्या दिवशी सकाळी ९ ते सायंकाळी ५.३० या वेळेत लावा. फॉर्म मराठीतही मिळतो. औषधानेच त्रास झाला हे सिद्ध करावं लागत नाही, नुसती शंका पुरते. नावही गुप्त राहतं.

अंगावर चट्टे किंवा तोंडात फोड आले किंवा श्वास लागला, तर आधी डॉक्टर गाठा, फोन नंतर. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने बंद करू नका. आणि मेडिकलवाल्याला सांगा, पट्टी कापताना नाव आणि बॅच नंबर असलेला तुकडा मला द्या. कळवताना तोच कामी येतो.