मध्यम वयातील स्केटबोर्ड आणि मणिबंधाचा आघात

तारुण्यात सोडलेला स्केटबोर्ड चाळिशीनंतर पुन्हा पायाखाली घेणाऱ्यास जुनी कसरत आठवते. परंतु सुश्रुताचार्यांनी याच वयापासून धातूंची किंचित परिहानी सांगितली आहे. या खेळातील विख्यात अमेरिकन खेळाडू टोनी हॉक यांच्या मांडीचे हाड २०२२ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी मोडले; आणि त्यांचा सराव तर कधी सुटलेला नव्हता. यास्तव अर्धशक्ती व्यायाम, म्हणजे कपाळी व काखेत घाम येताच थांबणे, हाच नियम सांगावा. शिरस्त्राण व मनगटरक्षक अनिवार्य समजावेत.

तथापि आमचा मुख्य मुद्दा औषधालयाशी निगडित आहे. चाकाखाली खडा येताच फळी अडते, मनुष्य तळहातावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली मागण्यास येतो. अशा वेळी अंगठा ताणला असता त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तेथे दाबून पाहावे. वेदना असल्यास नौकाकृती अस्थीचा भग्न गृहीत धरावा. सूज अल्प असते; पहिल्या क्ष-किरण चित्रात भेग पुष्कळदा दिसत नाही. म्हणून मनगट व अंगठा स्थिर बांधून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र घ्यावे. या अस्थीस रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडील टोकाने होतो. दुर्लक्ष झाल्यास उरलेला खंड निर्जीव होऊ शकतो. मणिबंध मर्माच्या आघाताने कुंठता येते, हे आपण सर्वांनी पाठ केले आहे. तरीही दुकानात तेलासोबत मर्दनाचा सल्ला दिला जातोच! भग्न नाही असे निश्चित होईपर्यंत अभ्यंग वर्ज्य.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्यास मार लागला असल्यास, त्यास बरे वाटत असले तरी, त्वरित रुग्णालयात पाठवावे.