‘जेडेड’ म्हणजे नुसता ‘थकलेला’ नव्हे

सुरतेत मी इंग्रजी शिकवतो. खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले माझ्या वर्गात पुष्कळ असतात. त्यांपैकी एकाच्या निबंधात वाक्य होते : ‘माय फादर कम्स होम जेडेड.’ वडील उधन्याला यंत्रमागावर बारा तासांची रातपाळी करतात. मुलाने कोशात ‘थकलेला’ हा अर्थ पाहून शब्द योजला. व्याकरण बिनचूक, तरी मी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली. का, ते पाहू.

‘जेड’ म्हणजे राबवून राबवून निकामी झालेला घोडा. हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. (हिरव्या खड्याचे नाव ‘जेड’ हे स्पॅनिशमधून आलेले, त्याचा येथे संबंध नाही.) त्यावरून ‘जेडेड’ झाला. पुढे शरीराचा थकवा मागे पडून मनाचा अर्थ बळावला : अतिपरिचयाने गोडी नाहीशी झालेला. रोज पक्वान्ने खाणाऱ्याची जीभ ‘जेडेड’ होते. शेकडो चित्रपट पाहून कशानेच न हलणारा समीक्षक ‘जेडेड’ असतो.

मराठीत याला नेमका शब्द आहे : ‘विटलेला’. साडीचा रंग धुऊन धुऊन विटतो, तसे मनही विटते.

आता शेजारचे शब्द पाहा. ‘टायर्ड’ म्हणजे दमलेला; हा रोजच्या बोलण्यातला शब्द. ‘वीअरी’ म्हणजे दीर्घकाळच्या श्रमाने शिणलेला. ‘एक्झॉस्टेड’च्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘उपसून काढणे’. उपसून कोरडी पडलेली विहीर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अर्थ विसरणार नाही. दमलेला माणूस झोपेने ताजा होतो. विटलेल्याला झोप पुरत नाही.

मी त्या मुलाला विचारले, “वडील घरी आल्यावर काय करतात?” तो म्हणाला, “आधी माझी वही बघतात, मग झोपतात.” असा माणूस ‘एक्झॉस्टेड’ असेल, ‘जेडेड’ खचित नव्हे. मुलाने शब्द स्वतःच खोडला.

अभ्यास : ‘टायर्ड’, ‘एक्झॉस्टेड’, ‘जेडेड’ यांपैकी योग्य शब्द निवडा.
१. जिना चढून आजी थोडी — झाली.
२. दोन दिवस न झोपता पुरात लोकांना वाचवणारा जवान — झाला.
३. वर्षभर सहली करणाऱ्या — प्रवाशाला ताजमहालही साधा वाटला.

(उत्तरे : १. टायर्ड २. एक्झॉस्टेड ३. जेडेड)