दुर्बीण घेण्याआधी वेधशाळेत जा

पुणे

चि. सायलीस,

बाबांनी कबूल केलेल्या पैशांत 70 मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण घ्यावी की थोडी भर घालून सहा इंची आरशाची डॉब्सोनियन, असं विचारलंस. खोक्यावरच्या ‘525 पट’ला भुलू नकोस. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून दुप्पट कर, म्हणजे इथे 140 पट. त्यापुढे शनी मोठा दिसतो, पण नुसता धूसर. प्रकाश किती गोळा होतो ते बघ. 150 मिलिमीटरचा आरसा तुझ्या भिंगाच्या साडेचारपट प्रकाश घेतो. शौरीतला एम 13 तारकागुच्छ भिंगातून कापसाच्या बोळ्यासारखा दिसेल. आरशातून त्याच्या कडेचे तारे सुटे होऊ लागतील.

पण माझ्या मते खरा प्रश्न दुर्बिणीच्या बैठकीचा आहे, आणि त्याचं उत्तर उज्जैनमधल्या तुमच्या फ्रीगंजपासून फार लांब नाही. महाराजा जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेल्या आणि 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेल्या वेधशाळेत जा. सम्राट यंत्राची तिरकी भिंत साधारण 23 अंशांनी ध्रुवाकडे चढते, कारण उज्जैनचा अक्षांशच तेवढा. विषुववृत्तीय बैठकीचा अक्षही तसाच ध्रुवाकडे रोखायचा असतो, म्हणजे एकाच अक्षावर फिरवून तारा धरून ठेवता येतो. शेजारच्या दिगंश यंत्रात मात्र दिशा आणि उंची, एवढी दोनच मापं. डॉब्सोनियन तशीच चालते: आडवी फिरव, वर उचल.

विषुववृत्तीय बैठक वाईट नाही. पण स्वस्तातली असली की हात लागताच नळी थरथरते आणि तारा जागेवर राहत नाही. जयसिंगांनी यंत्रं दगडचुन्यात बांधली ती काही उगीच नाही. डॉब्सोनियनचा लाकडी पाया जड, म्हणून स्थिर. छायाचित्रं काढायची असतील तर वेगळा हिशेब, पण तुला अजून डोळ्यांनीच बघायचंय ना?

तेव्हा डॉब्सोनियनच घे. नळी सव्वा मीटरच्या आसपास असते, जिन्याचं वळण आधी मोजून ठेव. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, दुर्बीण बाहेर ठेवून अर्धा तास थांब. 25 मिलिमीटरच्या नेत्रिकेने सुरुवात कर. 1200 मिलिमीटर नाभीय अंतराला ती 48 पट देते, चंद्राला तेवढं पुरतं. आरशांची जुळणी मात्र अधूनमधून करावी लागेल. आरशावर धूळ बसली तरी पुसू नकोस, आणि बाबांना तर हातही लावू देऊ नकोस. तो चष्मासुद्धा शर्टाच्या टोकाने पुसतो.

तुझी,
आत्या