नकाशावरची रेघ

मुलांनो, पूर्व आशियात कोरिया नावाचा एक द्वीपकल्प आहे. तेथील लोकांची भाषा एक, लिपी एक आणि जुने सणही एकच. तरीही त्या भूमीवर उत्तर कोरिया व दक्षिण कोरिया असे दोन देश आहेत. असे का झाले?

१९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानचे राज्य होते. दुसऱ्या महायुद्धात जपान हरला. जपानी सैन्याची शरणागती उत्तरेत सोव्हिएत रशियाने आणि दक्षिणेत अमेरिकेने घ्यावी, असे ठरले. त्यासाठी अमेरिकी अधिकाऱ्यांनी नकाशावर ३८ अंशांचे अक्षवृत्त ही हद्द निवडली. ही सोय तात्पुरती होती. कोरियन लोकांना मात्र कोणी विचारले नाही. १९४८ साली दोन्हीकडे वेगवेगळी सरकारे आली.

२५ जून १९५० रोजी उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेवर हल्ला केला. तीन वर्षे युद्ध चालले. लाखो माणसे मेली. अखेर २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे युद्धविराम झाला. दोन्ही सैन्ये प्रत्येकी २ किलोमीटर मागे सरली. मध्ये सुमारे २५० किलोमीटर लांब व ४ किलोमीटर रुंद असा निर्लष्करी पट्टा तयार झाला. मायदेशी परत जाण्यास तयार नसलेल्या युद्धकैद्यांना याच पट्ट्यात ठेवले होते. त्यांची देखरेख भारतीय सैनिकांनी केली. त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या होते.

‘निर्लष्करी’ म्हणजे जेथे सैन्य नाही असा. पण या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना काटेरी कुंपणे आणि सशस्त्र पहारेकरी आहेत. जमिनीत सुरुंग पेरलेले आहेत. माणसांची वर्दळ नसल्यामुळे आत रान वाढले आहे. हिवाळ्यात तेथे क्रौंच पक्षी उतरतात. पक्ष्यांना ही रेघ अडवत नाही; माणसांना अडवते.

केसाँग हे शहर युद्धापूर्वी दक्षिणेत होते, युद्धानंतर ते उत्तरेत गेले. अशा उलथापालथीत आई एकीकडे, तर मूल दुसरीकडे राहिले. १९८३ साली दक्षिण कोरियाच्या दूरदर्शनवर हरवलेल्या नातेवाइकांना शोधण्याचा कार्यक्रम १३८ दिवस चालला. त्यातून १०,००० हून अधिक कुटुंबांच्या भेटी झाल्या. पण सीमेपलीकडच्या आप्तांना भेटणे सोपे नव्हते. २००० सालापासून दोन्ही सरकारांनी काही निवडक कुटुंबांच्या भेटी घडवल्या. अशी शेवटची भेट २०१८ साली झाली. थोड्या दिवसांची भेट आणि पुन्हा निरोप!

युद्ध थांबले, पण शांततेचा तह अजून झालेला नाही. सणाच्या दिवशी सीमेजवळच्या इमजिंगाक येथे वृद्ध माणसे येतात. उत्तरेकडे तोंड करून ती पूर्वजांना वंदन करतात. ही पिढी आता संपत चालली आहे. नकाशावरची रेघ उद्याही पुसता येईल. पण वाट पाहणारी माणसे तोपर्यंत थांबणार नाहीत.

शब्दार्थ
युद्धविराम – लढाई थांबवणे, जंगबंदी
तह – समझोता, सुलह
आप्त – नातेवाईक
वर्दळ – ये-जा

स्वाध्याय
१. कोरियाची फाळणी कशी झाली?
२. ‘निर्लष्करी पट्टा’ हे नाव पूर्णपणे खरे का वाटत नाही?
३. युद्धविराम आणि तह यांत कोणता फरक आहे?